गाळणीतलं ढेकूळ

एका पावसाळ्यात माझे आईवडील एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. भांडण म्हणावं, तर घरात कुणाचा आवाज चढलेला नव्हता. माय चुलीपाशी बसलेली असायची, बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर पाटावर, आणि माय भाकर परातीत थापता थापता मला सांगायची, "बेबे, तुह्या बापाले सांग, जेवण वाढलं." मी मान वळवून म्हणायची, "बाबा, जेवण वाढलं." बाबा ताटाकडे बघत म्हणायचे, "तुह्या मायले सांग, दिसून राह्यलं मले." मग मी पुन्हा मान वळवायची. तेव्हा मी मॅट्रिकला होते, अभ्यास डोक्यावर होता, आणि ही तारबाबूची नोकरी मला कुणी न विचारता दिली होती. पुढे पुढे मी त्यात माझ्या सोयीची भर घालायला लागले. मायने मीठ संपल्याचा निरोप दिला, की मी मीठ आणि चिक्की संपल्याचं सांगायची. बाबा दोन्ही आणायचे. खरं-खोटं करायला त्यांना मायशी बोलावं लागलं असतं, म्हणून माझं फावलं.

पण तेवढी गंमत सोडली, तर ते दिवस वाईट होते. आमची माय बोलणारी बाई. पहाटे चूल पेटवताना ती लाकडांना रागवायची, गोठ्यात बैलांची चौकशी करायची, अंगणातल्या कोंबडीला तिच्या वागणुकीबद्दल चार शब्द सुनवायची. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या आमच्या गावात, रस्त्यावरून मोटार गेली तरी ती मायच्या आवाजाखाली दबून जायची. त्या पावसाळ्यात घरात भाकरीची थापथाप ऐकू यायला लागली, तव्यावर तरोट्याची भाजी परतल्याचं ऐकू यायला लागलं, पन्हाळीतलं पाणी पडल्याचं ऐकू यायला लागलं. हे आवाज आधीही असणारच. आम्ही ते कधी ऐकले नव्हते. मला आजही कुणाच्या घरी फार शांतता असली, की काहीतरी बिनसलं असेल असंच वाटतं, आणि मी उगाच बोलत सुटते.

कारण होतं संत्र्याचा बगीचा. मी जन्मले त्या वर्षी त्याची कलमं लागली. विहिरीवर मोटरपंप नव्हता तेव्हाची गोष्ट. पहिले काही उन्हाळे मायने डोक्यावर घागरी वाहून ती झाडं जगवली, एका कडेवर मी आणि डोक्यावर घागर, असं ती सांगायची आणि सांगताना कंबरेवर हात ठेवून दाखवायचीही. झाडांना तिने नावं दिली होती. विहिरीजवळचं थोरलं, एका अंगाने वाढलेलं लंगडं, आणि एक होतं फुगीर, ज्याला ती माझ्या आत्याचं नाव घेऊन हाक मारायची, आत्या आली नसली म्हणजे. आंबिया बहार फुटला, की तिची सकाळची फेरी लांबायची, आणि घरी येताना तिच्या पदराला त्या फुलांचा वास असायचा. बाबा बगिच्याचे मालक होते, तोडणी करायचे, पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करायचे. पण बगीचा कुणाचा, असं झाडांना विचारलं असतं तर त्यांनी मायचं नाव सांगितलं असतं.

आणि बाबांचं होतं ते गाळाचं प्रेम. एका उन्हाळ्यात गावचा तलाव आटला आणि गाळ उपसायला मोकळीक मिळाली. तलावाचा गाळ म्हणजे शेतकऱ्याला दिवाळीच. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डोक्यावर घमेली, ज्याला जसं जमेल तसा गाव तलावात उतरला. लोकांनी पातळ थर पसरला. बाबांनी कधी कुठली गोष्ट पातळ केलेली नव्हती. त्यांनी काळाभोर, लोण्यासारखा गाळ पूर्ण बगिच्यात ढोपरापर्यंत भरला, झाडांच्या बुडाशी तर हाताने दाबून दाबून लावला. काम झाल्यावर बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघत होते, आणि माय म्हणाली, "झाडं ठेंगणी दिसून राह्यली ना जी." आम्ही तिघंही हसलो. झाडं ठेंगणी झाली नव्हती, जमीन वर आली होती, आणि कलमाची गाठ, जी मातीच्या वर मोकळी राहायला हवी, ती गाळाखाली गेली होती. हे तिघांच्याही डोळ्यांसमोर होतं आणि तिघांनाही दिसलं नाही.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. आधी शेंड्याची, मग फांदीच्या फांदी. लंगड्या झाडाच्या खोडातून डिंक आला. बगिच्यात पाणी साचून राहायचं, पण त्या वर्षी पाऊसच जास्त होता, सगळ्यांच्याच शेतात पाणी होतं, त्यामुळे त्याकडे कुणी बघितलं नाही. बाबांनी फवारण्या केल्या, खोडांना मोरचूद-चुन्याचा बोर्डो लेप लावला, एका शनिवारी जामसांवलीला जाऊन हनुमानाला नारळ फोडला. मातीचा नमुना पिशवीत भरून तपासणीला पाठवला. उत्तर आलं, माती उत्तम आहे. त्या उत्तराने बाबा खचले. मातीत खोट निघाली असती तर काहीतरी करता आलं असतं. माती चांगली, म्हणजे रोग झाडात. शेजारपाजारचे म्हणाले, कापा आणि जाळा, नाहीतर आमच्या बगिच्यात येईल. बाबांनी सावरगावच्या लाकूड तोडणाऱ्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, पोळा होऊ द्या, गोटमार होऊ द्या, मग येतो. गोटमार म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड मारतात ती जत्रा. त्या संध्याकाळी बाबांनी घरी ही गोष्ट सांगितली. मायने हातातली भाकर तव्यावर टाकली, उलटली, शेकली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुह्या बापाले सांग, आरे घेऊन माणसं येतील त्या दिवशी मी या घरात राहात नाही." तो पहिला निरोप.

आता रजनीदीदीबद्दल. कृषी महाविद्यालयाच्या मुलामुलींना शेवटच्या वर्षी काही महिने खेड्यात राहावं लागे, आणि ही बालाघाटची मुलगी आमच्या वाट्याला आली होती. हिंदी बोलायची, कॅनव्हासचे बूट घालायची, बैलांना घाबरायची आणि मायच्या हातची अंबाडीची भाजी पातेलं खरवडून खायची. तिला माती तपासायची होती आणि तिच्याकडे एकही यंत्र नव्हतं. यंत्रं महाविद्यालयात होती, ती आणायला जीप लागायची आणि जीप प्राध्यापकांना लागायची. मग तिने आमच्या स्वयंपाकघरावर धाड घातली. तेलाच्या डब्याची दोन्ही तोंडं कापून तिने त्याचं नळकांडं केलं. ते जमिनीत ठोकायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि किती वेळात मुरतं ते बघत बसायचं. सायकलची तार जमिनीत खुपसून कुठे अडते ते बघायचं. फावड्याने मातीचा एक चौकोन अलगद उचलायचा आणि गोणपाटावर आपटून तो कसा फुटतो ते बघायचं. आणि चहाची गाळणी. वाळलेलं ढेकूळ गाळणीत ठेवायचं, गाळणी पाण्याने भरलेल्या काचेच्या गिलासावर, ढेकूळ बुडेल अशी. चांगल्या मातीचं ढेकूळ पाण्यात धीर धरून बसतं. वाईट मातीचं बघता बघता विरघळून खाली बसतं. यात शिकण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं, पण बघायला मात्र बसावंसं वाटायचं.

प्रयोगशाळेने माती उत्तम म्हटलं, मग झाडं का मरतात, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, प्रयोगशाळेत माती कुटतात, चाळतात, मग तपासतात. त्यात काय काय आहे ते कळतं. पण घर पाडून विटा मोजल्या, तर दारं-खिडक्या कुठे होत्या हे कसं कळणार? मुळांना दारं-खिडक्या लागतात. पुढे मी आयुष्यभर पुष्कळ भाषणं ऐकली, काही दिलीसुद्धा, पण शेतीवरचं इतकं सोपं वाक्य मला पुन्हा भेटलं नाही.

तिला गाळाचा संशय होता. ती तसं बाबांना एकदाच बोलली, ओट्यावर, सगळ्यांसमोर. बाबा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "पाण्यात ढेकूळ बुडवून माती समजत असती, तर आमी काय येडे होतो? तू पाहुणी आहेस माय. खा, पी, पण माह्या गाळाले बोलू नको." पोळ्याच्या सुटीला ती बालाघाटला निघाली तेव्हा नळकांडं आणि गाळणी मायच्या हातात देत म्हणाली, "चाची, इसे अच्छे से धो लेना." मायने गाळणी धुतली आणि खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी होती. माय चहा पदरातून गाळायला लागली. बाबांना विचारावं, असं तिला वाटलं असेलही, पण त्यासाठी निरोप पाठवावा इतकी ती गोष्ट मोठी नव्हती.

पोळ्याच्या आधी छान उघाड मिळाली. ऊन कडक पडलं. मी गोठ्यात शेण काढायला गेले, तर भिंतीच्या कोनाड्यात तीन ढेकळं वाळत ठेवलेली. एकाखाली संत्र्याचं पान, एकाखाली आगकाडी, एकाखाली काही नाही. बाबा मागून आले आणि चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "मायले सांगू नको." त्या पावसाळ्यात हा निरोप मी पहिल्यांदाच ऐकला. मला बाबा पुरते ठाऊक होते. त्या पोरीने आपल्याला हवी तशी ढेकळं निवडली असतील, असा त्यांचा वहीम होता. आपण आपल्या हाताने, आपल्या मनाने उचललेली ढेकळं पाण्यात टाकू आणि तिला खोटं पाडू, म्हणून ते सगळं चाललं होतं.

माय शेजारी पाट्यावर पुरण वाटायला गेली तेव्हा आम्ही दोघं गोठ्याच्या दारात बसलो. काचेचा गिलास पाहुण्यांसाठीचा, तो मी लपवून आणला. आगकाडीवालं ढेकूळ बांधावरचं होतं, जिथे गाळ पडला नव्हता. ते गाळणीत ठेवलं, पाण्यातून चार बुडबुडे आले आणि ते आपलं बसून राहिलं. बाबा म्हणाले, बांधावर गवत आहे, तिथली माती बसणारच. दुसरं ठेवलं, खाली काही नसलेलं. ते गाळाचं होतं, बाबांनी बगिच्याच्या अगदी मधून, चांगलं घट्ट बघून उचललेलं. हातात ते दगडासारखं होतं. पाण्यात ठेवल्याबरोबर त्याच्या कडा सुटल्या, मग पोट सुटलं, आणि ते गाळणीच्या जाळीतून काळा धूर होऊन खाली गेलं. गिलासाचं पाणी काळं झालं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. ते दगडासारखं ढेकूळ त्यांनी किती अभिमानाने निवडलं होतं ते मला दिसत होतं.

मी पाणी बदललं. तिसरं ढेकूळ, पानावरचं, बाबांनी स्वतः ठेवलं. मला वाटलं हेही जाणार. बुडबुडे आले. एका बाजूने थोडी माती सुटली. आम्ही वाट बघत राहिलो. बैलाने दोनदा शेपटी मारली, शेजारून पाट्यावरचा आवाज येत राहिला, आणि ढेकूळ तिथेच होतं. बाबा वाकून, नाक गिलासाला लावून बघत होते.

"पाह्य बेबे," ते म्हणाले. "थांबून राह्यलं."

"कुठलं होय हे?"

"गाळाच्या खालचं. थोरल्या झाडापाशी हातभर खणलं मी." मग म्हणाले, "आपली जुनी माती खाली जित्तीच आहे वो."

मोठ्या माणसाला मी तोपर्यंत रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही पाहिलं असं म्हणता येणार नाही. ते उठले आणि बैलाच्या अंगावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. मला मात्र रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं.

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे कुणी शेतात काम काढत नाही. बाबा सकाळी फावडं, सब्बल आणि नळकांडं घेऊन निघाले. बैल धुवायला ओढ्यावर नेणाऱ्या काकांनी विचारलं, आज कुठे? बाबा म्हणाले, "सण बैलाचा आहे, माह्या थोडी आहे." बगिच्यात आधी गाळावर नळकांडं ठोकून पाणी ओतलं. ते जसंच्या तसं राहिलं, त्यात आमची तोंडं दिसायला लागली. घरून आणलेला चिवडा संपला तरी पाणी होतंच. मग बाबांनी थोरल्या झाडाच्या बुडाचा गाळ घमेलं घमेलं बाजूला केला. खालून नाल्यासारखा आंबूस वास आला, आणि अजून खाली गेल्यावर तो वास गेला आणि मातीचा वास आला. तिथे नळकांडं ठोकलं. पहिलं पाणी गेलं. बाबा म्हणाले, कोरडं असेल. दुसरं ओतलं. तेही बोलता बोलता गेलं. फावड्याने उचललेला तुकडा गोणपाटावर टाकला, तर तो चण्याच्या भाजक्या डाळीसारखा मोकळा मोकळा सुटला, आणि त्यातून एक गांडूळ आमच्याकडे पाठ फिरवून निघून गेलं. बाबांनी एका मुळीवर नख ओढलं. आत पांढरं होतं, ओलं होतं. त्यांनी माझा हात धरून माझं नखही त्यावर ओढायला लावलं. एकट्याच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसत नसावा.

दुपारी पुरणाचं जेवण होतं. बाबांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मायले सांग, झाडं मेली नाहीत." मी वळले. माय तुपाची वाटी हातात धरून उभी होती. तिने ऐकलं होतं, पण नियम नियम होता, म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, "बापाले विचार, मंग काय झालं त्याइले?" मी पुन्हा वळले. बाबांना हे उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तो ताटातच ठेवला. "सांग, माह्या गाळानं गुदमरली. आता काढतो." मी वळून सांगितलं. मायने तेवढ्या साऱ्या पावसाळ्याचं काहीही बोलून दाखवलं नाही. तिने बाबांच्या पोळीवर तुपाची वाटी उपडी केली, सगळीच्या सगळी, आणि आत निघून गेली.

सगळी झाडं वाचली असं नाही. लंगडं गेलं, ओढ्याच्या बाजूची काही गेली. पण बाकीच्यांनी पुढच्या वर्षी नवी पालवी धरली, आणि दोन वर्षांनी पांढुर्ण्याचे व्यापारी पुन्हा आमच्या ओट्यावर बसून बगिच्याला नावं ठेवत चहा पीत होते, म्हणजे माल चांगला होता. आता माझ्या चुलत बहिणीचा मुलगा शेती करतो. त्याच्या मोबाइलवर मातीचं सगळं येतं. तरी खरेदीआधी कुठली जमीन बघायची झाली, की तो मला विचारतो, "मावशी, थे नळकांडं कुठी आहे?" ते माझ्याकडेच आहे. गंजलंय, पण पाणी धरतं आणि सोडतं, त्याला एवढंच काम आहे.

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी लाकूड तोडणारे आले. आरे, दोर, कुऱ्हाडी, सगळा सरंजाम. एकाच्या कपाळाला पट्टी होती. गोटमारीनंतर ती कशाची, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. माय त्या दिवशी घर सोडून जाणार होती. ती गेली नव्हती. दारात उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. त्यांचा मुकादम म्हणाला, "मालक, कुठून सुरू करू?"

"झाडाले हात लावू नका," बाबा म्हणाले. "गाळ काढायचा आहे. बुडापासून, हळू. मुळी तुटली नाही पाह्यजे."

"आमी तर आरे घेऊन आलो जी."

"फावडे मी देतो."

ते एकमेकांकडे बघत राहिले, मग पट्टीवाल्याने आरा भिंतीला टेकवून ठेवला आणि बाकीच्यांनीही ठेवले. बाबा फावडी काढायला लागले. माय आत गेली, चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला, साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं, खुंटीवर काहीतरी चाचपडल्याचा आवाज आला. मग ती पुन्हा दारात आली.

"अजी," ती म्हणाली, "गाळणी कुठी ठेवली तुमी?"

मी सवयीने बाबांकडे वळले. तोंड उघडलं, निरोप जिभेवर होता. बाबांनी तोवर सदऱ्याच्या खिशातून गाळणी काढली होती, दुपट्ट्याने पुसली होती आणि ते तिच्याकडे चालत निघाले होते. मी तोंड मिटलं.

त्या दिवशीच्या चहात मातीची कचकच होती. सगळ्यांनी निमूट प्यायला. कोंबडी ओट्यावर चढली, तर मायने तिला तिच्या आईवरून काहीबाही सुनावलं आणि बाबांनी दुसरा कप मागितला. स्वतः, तिच्याकडेच.